खुळखुळ्याचे विष आणि ठिपक्यांचा पतंग

उर्दू शायरीतला परवाना एकच काम करतो. तो शमेवर झेप घेतो आणि जळून मरतो. शतकानुशतके तो आशिकाचे प्रतीक होऊन राहिला आहे. त्यामुळे पतंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिव्याभोवती घिरट्या घालणारा, करड्या रंगाचा, घटकाभराचा जीव उभा राहतो. मी इथे ज्या पतंगाविषयी लिहितो आहे, तो या प्रतिमेत बसत नाही. तो भर दिवसा उडतो, अंगावरचे रंग लपवत नाही आणि कोळ्याच्या जाळ्यात सापडला तरी बहुतेक वेळा जिवंत सुटतो.

पांढऱ्या पंखांवर तांबडे आणि काळे ठिपके, पंख पसरले की दोन टोकांतले अंतर तीन-चार सेंटिमीटर. शेताच्या बांधावर, माळावर, रस्त्याकडेच्या गवतात पाय पडला की तो भुर्रकन उठतो, थोड्या अंतरावर जाऊन पुन्हा गवताच्या काडीवर बसतो. शास्त्रीय नाव यूटेथिसा पुल्केला. तो टायगर मॉथ या गटात मोडतो. आफ्रिका, दक्षिण युरोप आणि भारतासह आशियाचा मोठा भाग हा त्याचा मुलूख. स्थलांतर करत तो कधीकधी थेट इंग्लंडपर्यंत पोहोचतो. भारतात त्याच्या अगदी जवळच्या आणखी दोन जाती आढळतात. नुसत्या नजरेने त्या वेगळ्या ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते. अमेरिकेत त्याची एक चुलत बहीण आहे, यूटेथिसा ऑर्नेट्रिक्स. तिच्या मागच्या पंखांवर गुलाबी रंग आहे. पतंगांच्या जगातले एक मोठे गुपित या चुलत बहिणीमुळे उलगडले.

या लहानशा जीवाच्या मागावर गेलो तर ईस्ट इंडिया कंपनीची गोदामे, फ्लोरिडातल्या संत्र्याच्या बागा, सरगुजातली आदिवासी गावे आणि नाझी जर्मनीतून पळालेले एक कुटुंब असा लांबचा प्रवास होतो. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे आपल्या ओळखीची एक वनस्पती.

नावांची गोष्ट

ती वनस्पती म्हणजे खुळखुळा. पिवळी फुले, फुगीर शेंगा. शेंग वाळली की आतल्या बिया सुटतात आणि हलवल्यावर लहान मुलाच्या खुळखुळ्यासारख्या वाजतात. मराठी माणसाने कान देऊन हे नाव ठेवले. तिकडे युरोपातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनीही तेच केले. ग्रीक भाषेत 'क्रोटालोन' म्हणजे वाजवायचे खेळणे किंवा चिपळीसारखे वाद्य. त्यावरून या कुळातल्या झाडांना क्रोटालारिया हे नाव पडले. शेपटी वाजवणाऱ्या अमेरिकन सापाचे क्रोटालस हे नावही त्याच शब्दातून आले. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकाच आवाजावरून एकाच झाडाला नाव दिले, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

पतंगांची नावे मात्र आवाजावरून पडली नाहीत, ती रूपावरून पडली. स्वीडनचा कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये आपल्या 'सिस्टिमा नाचुरे' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राणिसृष्टीची मोठी यादी दिली. त्यात आपल्याकडच्या जातीला त्याने 'पुल्केला' म्हटले, म्हणजे लॅटिनमध्ये 'छोटी सुंदरी'. अमेरिकेतल्या दोन रूपांना त्याने 'बेला' आणि 'ऑर्नेट्रिक्स' अशी वेगवेगळी नावे दिली. बेला म्हणजे सुंदर. प्राचीन रोममध्ये मालकिणीचे केस विंचरून तिला नटवणाऱ्या दासीला ऑर्नेट्रिक्स म्हणत. पुढे १८१९ च्या सुमारास याकोब ह्युब्नर या जर्मन अभ्यासकाने या सगळ्यांसाठी यूटेथिसा ही प्रजाती केली. अमेरिकेतली दोन रूपे ही एकच जात आहे, हे ठरायला १९६० साल उजाडावे लागले.

म्हणजे सुमारे दोनशे वर्षे या पतंगाची दखल घेतली गेली ती फक्त 'दिसायला देखणा' म्हणून. संग्राहकांनी त्याला टाचणी टोचली, पेटीत ठेवले, खाली चिठ्ठी लावली. एवढे रंग अंगावर घेऊन दिवसाढवळ्या उडणारा हा जीव पक्ष्यांच्या तावडीतून वाचतो कसा, हा प्रश्न त्या चिठ्ठीवर मावणारा नव्हता.

व्यापाऱ्याची वही

खुळखुळ्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. त्यातला सर्वांत कामाचा भाऊ म्हणजे शेतकऱ्याचा ताग. काही भागांत त्याला बोरू म्हणतात, हिंदीत सन किंवा सनई. शाळेच्या पुस्तकात बंगालच्या ज्यूटलाही ताग म्हटलेले असते, पण ते झाड वेगळे. आपल्या शेतातला ताग म्हणजे क्रोटालारिया जुन्सिया. त्याची साल पाण्यात कुजवून वाख काढायचा आणि त्याचे दोर, दावी, सुतळी, जाळी करायची, हे ज्ञान आपल्याकडे फार जुने आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या वाखावर ईस्ट इंडिया कंपनीची नजर गेली. कारण युद्धाचे होते. ब्रिटिश आरमाराची जहाजे शिडांवर आणि दोरखंडांवर चालत आणि दोरखंडाचा बहुतेक माल रशियाच्या भांगेच्या वाखातून येत असे. नेपोलियनच्या काळात रशियाशी संबंध बिघडले तर जहाजे बंदरातच अडकतील, ही भीती लंडनला सतावत होती. १८०७ मध्ये रशियाने नेपोलियनशी तह केला तेव्हा ती भीती अगदी खरी ठरली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याच सुमारास हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या वाखांचे दोर वळून, त्यांना वजने टांगून कोणता किती भार सोसतो याचे प्रयोग केले. ताग त्यात मानाच्या जागी होता. क्रिमियाच्या युद्धात रशियाचा माल पुन्हा अडला, तेव्हा १८५५ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल यांनी हिंदुस्थानातल्या वाखाच्या वनस्पतींवर एक आख्खे पुस्तक काढले.

या लिखाणात झाडाची उंची, वाखाचा रंग, दोराची ताकद, एकरी उतारा, बाजारभाव असे सगळे येते. त्या झाडावर जगणारा पतंग त्यात जवळजवळ दिसतच नाही. तो विकता येत नव्हता.

कृषी खात्याची वही

पतंगाची नोंद पुढच्या पिढीने केली, पण वेगळ्या रकान्यात. निलगिरीत चहाचे मळे सांभाळलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानातल्या पतंगांवर चार खंड लिहिले. आजही अभ्यासक त्या खंडांकडे वळतात. त्यानंतर शेतीचे कीटकशास्त्र उभे राहिले आणि पतंगाला नवी ओळख मिळाली, 'तागावरील केसाळ अळी'. ही अळी पाने खाते, शेंगेला भोक पाडून आत शिरते आणि बिया फस्त करते. बियाण्यासाठी ताग करणाऱ्या शेतकऱ्याचे त्यात नुकसान होते, हे खरे आहे. पण कृषीच्या पुस्तकात तिचा परिचय लक्षणे आणि फवारणी या दोन मुद्द्यांत आटोपतो. ती नेमकी शेंगेतच का घुसते, पाने मुबलक असताना बियांसाठी एवढी धडपड का, हे तिथे कुणी विचारत नाही.

रंगांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मात्र तोवर मिळालेले होते. १८६७ मध्ये चार्ल्स डार्विनला एक कोडे पडले होते. नर पक्षी सुंदर असतो तो मादीला रिझवण्यासाठी, असे म्हणता येईल. पण अळीला ना नर ना मादीपण, मग काही अळ्या इतक्या भडक का? त्याने हा प्रश्न आल्फ्रेड रसेल वॉलेसला विचारला. वॉलेसने उत्तर दिले की अळी चवीला वाईट असेल तर तिच्या फायद्याचे हेच की पक्ष्याने तिला दुरूनच ओळखावे. म्हणजे भडक रंग ही पाटी आहे, 'मला खाऊ नका'. दोन वर्षांत जेनर वेअर यांनी पाळलेल्या पक्ष्यांना अळ्या देऊन पाहिल्या आणि वॉलेसचा तर्क बरोबर निघाला. पण पाटी खरी आहे हे कळले तरी तिच्यामागचे विष कोणते आणि ते येते कुठून, हे कळायला आणखी शंभर वर्षे जायची होती.

आपले झाड परक्या मातीत

मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. खुळखुळ्याच्या कुळातली एक देखणी भारतीय जात आहे, क्रोटालारिया स्पेक्टाबिलिस. हे नाव तिला आल्ब्रेख्त रोथ या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दिले. हा माणूस कधी भारतात आला नव्हता. दक्षिण भारतात राहिलेल्या बेंजामिन हाइने यांनी पाठवलेल्या वाळक्या नमुन्यांवरून त्याने आपल्याकडच्या कित्येक झाडांचे बारसे केले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच झाड अमेरिकेच्या दक्षिण भागात नेले गेले. फ्लोरिडाची जमीन वाळूची, कस नसलेली. हे झाड हवेतला नत्र जमिनीत आणते, मुळांना गाठी पाडणाऱ्या सूत्रकृमींना दाद देत नाही आणि नांगरून गाडले की खत होते. आपल्याकडे ताग गाडून हिरवळीचे खत करतात तोच हा प्रकार. संत्र्यांच्या बागांतून आणि शेतांतून त्याची लागवड झाली. मग जनावरे मरू लागली. गुरे, घोडे, डुकरे, कोंबड्या. मक्याबरोबर आणि सोयाबीनबरोबर या झाडाच्या बिया कापल्या जात आणि खाद्यात मिसळत. १९३५ मध्ये फ्लोरिडाच्या संशोधकांनी बियांतून त्याचे कारण वेगळे काढले. ते एक अल्कलॉइड होते आणि झाडाच्या नावावरून त्याला मोनोक्रोटालीन म्हटले गेले. पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाच्या मोठ्या घराण्यातले हे एक विष आहे.

या विषाची चाल कपटी आहे. ते तोंडात जाते तेव्हा फारसे घातक नसते. यकृत त्याला मोडायला जाते आणि मोडताना त्याचेच घातक रूप तयार करते. यकृतातल्या बारीक शिरा बंद होतात, पोटात पाणी साठते. ज्या अवयवाने शरीराचे रक्षण करायचे, तोच मारेकरी ठरतो.

हे केवळ जनावरांपुरते राहिले नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या आणि आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात आदिवासी गावांतून माणसे पोट फुगून मरू लागली. डॉक्टरांच्या पथकाने शोध घेतला तेव्हा कारण त्यांच्या रोजच्या जेवणात सापडले. तिथले लोक गोंदली नावाचे बारीक भरड धान्य खात. त्या धान्यात खुळखुळ्याच्याच कुळातल्या एका रानटी जातीच्या बिया मिसळल्या होत्या. १९७६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. ६७ रुग्ण, त्यांतले २८ दगावले. फ्लोरिडात कोंबड्या आणि घोडे मेले तेव्हापासून या विषाचा अभ्यास सुरू होता आणि १९३५ पासून त्याला नाव होते. चाळीस वर्षांनी तेच घराणे सरगुजात माणसांच्या ताटात होते. माहिती प्रयोगशाळेत होती, गावात पोहोचली नव्हती. इतिहास वाचताना मला हे वारंवार दिसते. ज्ञान नसल्याने माणसे मरतात हे अर्धसत्य आहे. ज्ञान कुणाच्या कामासाठी गोळा झाले, त्यावर ते कुणापर्यंत जाईल हे ठरते.

निर्वासिताचा मुलगा

आता त्या माणसाकडे येऊ, ज्याने पतंगाला त्याच्याच बाजूने प्रश्न विचारला.

थॉमस आइसनर यांचा जन्म १९२९ मध्ये बर्लिनमध्ये झाला. वडील ज्यू, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि कुटुंबाने देश सोडला. ते बार्सिलोनात आले. तीन वर्षांत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. तिथून फ्रान्स आणि मग समुद्रापलीकडे उरुग्वे. तिथे थॉमसचे बालपण किडे पाहण्यात गेले. १९४७ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत पोहोचले. कॉर्नेल विद्यापीठाने त्यांचा पदवीसाठीचा अर्ज नाकारला. ते हार्वर्डला शिकले आणि १९५७ मध्ये त्याच कॉर्नेलमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाले. नकाराचे ते पत्र त्यांनी पुढे अभिमानाने भिंतीवर लावले होते.

फ्लोरिडात आर्कबोल्ड नावाचे एक संशोधन केंद्र आहे. आइसनर तिथे वर्षानुवर्षे जात राहिले. तिथल्या झुडपांत नेफिला कोळ्याची सोनेरी धाग्यांची मोठी जाळी असतात. आपल्या सह्याद्रीतही या कोळ्याचे भाऊबंद पावसाळ्यात वाटेवर आडवी जाळी विणून बसलेले दिसतात. १९६० च्या दशकात एकदा यूटेथिसा अशा जाळ्यात जाऊन अडकलेला आइसनर यांनी पाहिला. कोणताही पतंग अशा वेळी जिवाच्या आकांताने फडफडतो. हा स्वस्थ पडून राहिला. कोळी धावत आला, त्याने पतंगाला चाचपले आणि मग एकेक धागा तोडून त्याला जाळ्यातून मोकळे केले. पतंग उडून गेला.

शिकारी स्वतःचे जाळे तोडून शिकार सोडून देतो, असे दृश्य पाहिल्यावर कुणीही चकित होईल. आइसनर चकित होऊन थांबले नाहीत. त्यांनी पतंगाच्या अळ्या दोन प्रकारे वाढवल्या. काहींना खुळखुळ्याच्या बिया घातलेले खाद्य दिले, तर काहींना राजम्यासारख्या घेवड्यापासून केलेले, विष नसलेले. दोन्हींतून निघालेले पतंग दिसायला सारखेच, तेच रंग, तेच ठिपके. पण घेवड्यावर वाढलेले पतंग कोळ्यांनी खाऊन टाकले. बियांवर वाढलेले सोडून दिले.

वॉलेसने सांगितलेल्या पाटीमागचे विष सापडले होते आणि ते झाडाचे होते. अळी शेंगेत का घुसते, याचेही उत्तर इथेच मिळाले. झाडाने आपल्या बियांचे रक्षण करायला सर्वांत जास्त विष बियांतच भरलेले असते. अळी भुकेपोटी पाने खाईल, पण संरक्षणासाठी तिला बीच हवे. हे विष तिला मारत नाही, कारण टायगर मॉथ त्याला ऑक्सिजनची जोड दिलेल्या निरुपद्रवी रूपात अंगात साठवतात.

हुंडा नव्हे, मेहर

पुढची तीस वर्षे आइसनर, त्यांच्या पत्नी मारिया, रसायनशास्त्रज्ञ मित्र जेरॉल्ड माइनवाल्ड आणि अनेक विद्यार्थी या एका पतंगाच्या मागे होते. त्यांना जे सापडले ते विषापेक्षाही नवलाचे आहे.

मादी संध्याकाळी कातरवेळी गंध सोडते आणि नर त्या मागावर येतो. जवळ आला की पोटाच्या टोकाशी असलेले दोन केसाळ झुबके बाहेर काढून तो मादीला आपला गंध देतो. हा गंध त्याच विषापासून बनलेला असतो. अळीपणी ज्याने जास्त विष कमावले, त्याचा गंध जास्त. म्हणजे नर गंधातून आपली पुंजीच दाखवतो आणि मादी ती पारखून घेते.

मिलनात नर केवळ बीज देत नाही. तो एक पुडी देतो, जिचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास भरते. त्यात पोषण असते आणि विषही असते. मादी त्या विषाने स्वतः सुरक्षित होते. ज्या मादीला अळीपणी विष मिळालेच नव्हते, तिलाही मिलनानंतर कोळी सोडून देतात. त्यातला वाटा ती अंड्यांत घालते. तिचे स्वतःचे विष आणि नराचे विष, दोन्हींचे कवच घेऊन अंडे जगात येते. मुंग्या आणि ढालकिडे अशा अंड्यांना तोंड लावायला कचरतात.

नवरीकडच्यांनी द्यायचा हुंडा आपल्या समाजात, आमच्या मुस्लिम घरांतही, किती खोल रुतला आहे हे सांगायला नको. या पतंगात देणे उलट दिशेने जाते. नवऱ्याने द्यायचे, ते बायकोच्या मालकीचे व्हायचे आणि तिच्या सुरक्षेसाठी असायचे. मेहरची मूळ कल्पनाही हीच आहे. किड्यांपासून नीतिधडे घ्यावेत असे मी म्हणत नाही. कारण याच पतंगाची अळी विषाला मोताद झाली तर आपल्याच जातीची विषभरली अंडी खाऊन टाकते आणि मादी तीन-चार आठवड्यांच्या आयुष्यात सरासरी चार-पाच नरांकडून अशा पुड्या घेते. त्यांतल्या सर्वांत थोराड नराच्या बीजालाच ती बहुधा पसंती देते. निसर्ग आपल्यासाठी आदर्श घेऊन बसलेला नाही. पण पतंग हा नुसता 'शोभेचा' किंवा नुसती 'कीड' नाही, एवढे तरी यातून कळावे.

आपल्या बाजूच्या जातींचे काय, असे कुणी विचारेल. ऑस्ट्रेलियात जनावरांना झाडांपासून होणाऱ्या विषबाधेवर काम करणारे कल्व्हेनर आणि त्यांचे सहकारी एडगर यांनी १९७२ मध्ये यूटेथिसाच्या पूर्वेकडच्या दोन जाती तपासल्या. या दोन्ही जाती भारतातही आढळतात. त्यांच्या नरांच्या केसाळ झुबक्यांतही विषापासून बनलेला तोच गंध मिळाला. मेलेल्या मेंढ्यांचा शोध घेणाऱ्यांना पतंगाचे अत्तर सापडले, असे म्हणायला हरकत नाही. खुळखुळ्याच्या वाळक्या फांद्यांवर ब्लू टायगर फुलपाखरांचे नर झुंबड करतात, हे महाराष्ट्रातल्या निसर्गप्रेमींना चांगले माहीत आहे. तीही मंडळी याच विषासाठी येतात आणि त्यापासून गंध बनवतात.

चौथी वही

एका झाडाच्या तीन वह्या आपण पाहिल्या. व्यापाऱ्याने त्यात दोर पाहिला, कृषी खात्याने खत आणि कीड पाहिली, रसायनशास्त्रज्ञाने विष पाहिले. तिन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि तिन्ही अपुऱ्या आहेत. आइसनर यांनी चौथी वही उघडली. पतंगाला काय हवे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. आणि गंमत अशी की या चौथ्या वहीतूनच बाकीच्या तीन वह्यांमधले तुटलेले धागे जुळले.

आइसनर यांना उपयोगाच्या वहीचे वावडे नव्हते, हेही सांगायला हवे. जंगले वाचवायची तर जंगलांतल्या रसायनांची किंमत जगाला दाखवून द्यावी लागेल, असे ते म्हणत. त्यांच्याच विचारातून १९९१ मध्ये कोस्टा रिकातली जैवविविधता संस्था आणि मर्क ही औषध कंपनी यांच्यात करार झाला. रसायने शोधण्याच्या बदल्यात कंपनीने पैसे दिले आणि त्यातला हिस्सा संवर्धनासाठी गेला. हा मार्ग कितपत बरोबर यावर बरेच वाद झाले. मलाही तो पुरता पटत नाही. जे विकले जाईल तेच वाचवायचे म्हटले तर ठिपक्यांचा पतंग पुन्हा वहीबाहेर राहतो. पण ज्याला लहानपणीच तीन देश सोडावे लागले, त्याला नुसत्या सदिच्छेने कुणी वाचत नाही हे ठाऊक असणार. २०११ मध्ये आइसनर गेले.

आपल्याकडे ताग हिरवळीच्या खतासाठी पेरला की फुलोऱ्यावर येताच, साधारण दीड-दोन महिन्यांत नांगरून गाडतात. शेंग धरण्याची वाट पाहत नाहीत. शेतीच्या हिशेबाने ते अगदी बरोबर आहे, कोवळे झाड लवकर कुजते. पण पतंगाला हवी असते ती शेंग आणि शेंगेतले बी. ते त्याला मिळते बांधावर, पडीक माळावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवलेल्या खुळखुळ्यावर. ज्या झाडाची नोंद कुणाच्याच वहीत नाही, त्या झाडावर त्याच्या पुढच्या पिढीची सुरक्षा टिकून आहे. हल्ली बांध अरुंद होत चालले आहेत, रस्त्याच्या कडेचे गवत तणनाशकाने जाळले जाते आणि माळ म्हणजे रिकामी जागा समजली जाते. भाद्रपदात शेतावर गेलात आणि पायाजवळून पांढरा-तांबडा ठिपका उडाला, तर जवळपास खुळखुळा आहे का ते पाहा. तो उपटण्याआधी एकदा शेंग हलवून ऐका.